लेकुरवाळ्यांची वाट

मुले लहान असताना लांबचा प्रवास करू नये, असे पूर्वीची वडीलधारी मंडळी सांगत. त्या सांगण्यात केवळ भित्रेपणा नव्हता. पुण्याहून किंवा साताऱ्याहून रामेश्वरास निघालेल्या कुटुंबाला अठराव्या शतकात परत घरी यावयास कित्येक महिने लागत. वाटेत नद्या, ताप, चोर आणि अवेळी येणारा पाऊस. मोठे माणूस एक वेळ उपाशी राहू शकते. अंगावरच्या मुलाला ते साधत नाही. यात्रा ही उतारवयात करावयाची गोष्ट, हा समज याच अनुभवातून रूढ झाला असावा. तरीही माणसे मुलाबाळांसह निघत. पुष्कळदा मूलच यात्रेचे कारण असे. संततीसाठी रामेश्वराला बोललेले नवस प्रसिद्धच आहेत. आणि नवस फेडावयाचा तर ज्याच्यासाठी तो बोलला त्याला घरी कसे ठेवावयाचे?

आजही लहान मुलांना घेऊन एखाद्या मोठ्या करमणूक-उद्यानास जावयाचे तर घरात आठ दिवस आधीपासून याद्या होतात. मुक्काम कोठे, दूध कोठे मिळेल, धाकट्याला ताप आला तर डॉक्टर कोण, रात्री उशीर झाला तर जेवणाचे काय, मुले कंटाळली तर त्यांना रमवावयाचे कशाने. दोनशे वर्षांपूर्वीच्या आईबापांपुढचे प्रश्न याहून निराळे नव्हते. फक्त त्यांची उत्तरे मिळणे फार कठीण होते. कावेरीकाठच्या एका लहानशा मराठी राज्याने मात्र यांतील बहुतेक प्रश्न कुटुंबाच्या माथ्यावरून उचलून रस्त्याच्या माथ्यावर ठेवले होते. ते राज्य तंजावरचे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ते स्थापिले, आणि १८५५ पर्यंत ते या ना त्या रूपाने टिकले.

उत्तरेकडून तंजावरास येणाऱ्या वाटेवर तिरुवैयारु लागते. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. गावाचे संस्कृत नाव पंचनद. कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु या पाच प्रवाहांचा हा प्रदेश. तिरुवैयारूहून तंजावर अवघे बारा-तेरा किलोमीटर आहे. पण त्या एवढ्याशा अंतरात हे पाचही प्रवाह एकामागून एक ओलांडावे लागतात. आज पुलांवरून मोटार जाते आणि नदी आली केव्हा, गेली केव्हा, हे कळतही नाही. पूल नसताना, आषाढ-श्रावणात कावेरीला पाणी आले म्हणजे हे बारा किलोमीटर मागच्या शेकडो किलोमीटरांहून अवघड होत. १८६४ साली रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे महाराष्ट्रीय कीर्तनकार रामेश्वरास निघाले असता कावेरीच्या पुराने अडले आणि त्यांचा चातुर्मास तिरुवैयारूलाच झाला, असे सांगतात. त्या मुक्कामात तेथील लोकांनी मराठी कीर्तन ऐकले. साकी, दिंडी, ओवी या चाली तंजावरच्या हरिकथेत शिरल्या. आणि कृष्ण भागवतरांसारख्या कलावंताच्या हाती त्या हरिकथेला नवे रूप आले. कीर्तनकार अडला तर असे काही पदरात पडते. पण तान्हे मूल कडेवर असलेली बाई अडली, तर तिला प्रथम छप्पर हवे असते आणि मग दूध.

तिरुवैयारूपासून पुढे रामेश्वर दोनशे किलोमीटरांहून अधिक. बायका-मुले बरोबर असली म्हणजे दिवसाला चार-पाच कोसांपेक्षा जास्त चाल होत नाही; म्हणजे पंधरवडा सहज हवा. तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली ती या वाटेचा हिशेब करूनच. प्रतापसिंहाच्या कारकिर्दीपासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, ही परंपरा विशेष जोमाने वाढली. तंजावरच्या पूर्वेस नीडामंगलम् येथे यमुनांबाळपुरम्, दक्षिणेस ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळपुरम्, आणि पुढे समुद्रकाठाने आणखी कित्येक. यांतील पुष्कळ छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मुक्तांबा ही सरफोजीराजांची प्रिय सखी. ती अकाली वारली, आणि आपल्या नावाने छत्र घालावे अशी इच्छा तिने अखेरीस व्यक्त केली होती, असे परंपरा सांगते.

या छत्रांत काय मिळे, ते सांगणारा सर्वांत बोलका कागद १८०१ सालचा आहे. तो कसा लिहिला गेला हे आधी समजावून घेतले पाहिजे. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. राजाकडे किल्ला, वाडा, नेमणूक आणि मान एवढेच उरले. सैन्य गेले, महसूल गेला, न्याय गेला. अशा वेळी माणूस काय मागतो यावरून त्याची पारख होते. सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास पत्र लिहिले, आणि छत्रांना नेमून दिलेल्या गावांची व्यवस्था आपल्याकडेच राहावी, अशी कळकळीची मागणी केली. हे राज्य धर्मराज्य म्हणून ओळखले जाते आणि हीच आपल्या पदाची सर्वांत मोठी शोभा आहे, असा त्या पत्राचा आशय आहे.

पत्राचा उरलेला भाग म्हणजे छत्रांच्या दिनचर्येचे वर्णन. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो कोणी येईल त्याला शिजवलेले अन्न मिळे. शिजवलेले न चालणाऱ्याला शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करीत, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. दिवसभर चालून, झोपलेली मुले खांद्यावर टाकून, अंधारात वाट काढीत आलेल्या कुटुंबाला ती घंटा केवढा आधार वाटत असेल! प्रत्येक छत्रात वैद्य असे, आणि त्याला सर्पविंचवाच्या विषावरचे उपचार येत. आजारी पडलेल्या प्रवाशाला बरे वाटेपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न देत. मरण पावलेल्याचे संस्कार त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे होत.

लेकरांविषयी या पत्रात जे आहे, ते मात्र इतर दानपत्रांत सहसा आढळत नाही. अंगावर पिणाऱ्या मुलांसाठी दूध. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी. छत्रात बाळंतपण झाले तर त्याचा सारा खर्च, औषधपाणी, आणि पुढे तीन महिने तेथेच राहण्याची मुभा. वाटेत आईबाप दगावून मागे राहिलेली परकी मुले छत्रातील पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचे न्हाणे, कपडे आणि औषध मिळे. ज्याला ज्या विद्येची गोडी, ती त्याला शिकवीत. आणि शिक्षण पुरे झाले म्हणजे लग्नाचा खर्चही छत्रच उचली. चार दिवसांनी एकदा तेल, असा आकडा ज्या पत्रात येतो, ते पत्र नुसते दरबारी गौरवाचे नसते. हा तपशील एखाद्या कारकुनाच्या वहीतून आलेला आहे.

पत्र लिहिणाऱ्याला काही मिळवावयाचे होते, हे विसरून चालणार नाही. जे मागावयाचे ते सजवून मांडणे हा अर्जाचा धर्मच आहे. प्रत्येक छत्रात, प्रत्येक दिवशी, हे सारे असेच घडत होते असे मानणे भोळेपणाचे होईल. ब्राह्मण आणि अंत्यज दोघांनाही अन्न मिळे, याचा अर्थ ते एका पंक्तीला बसत असा मुळीच नव्हे. शिधा आणि शिजवलेले अन्न हा भेदच त्याची साक्ष देतो. तरीही या व्यवस्थेचा कणा खरा होता, आणि तो होता जमिनीचा. छत्राला गावे नेमून दिलेली असत. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचे उत्पन्न त्या छत्राच्या कोठारात येई आणि त्याचा हिशेब राखला जाई. तंजावरच्या मोडी दप्तरात असे हिशेब आजही आहेत. दान राजाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. म्हणूनच सरफोजी तहानंतर गावांसाठी भांडले. नुसत्या इमारती राखून त्यांना काय करावयाचे होते?

स्वतः सरफोजींचे बालपण स्वस्थ गेले नव्हते. तुळजाजींनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. दत्तक वडील त्याच वर्षी वारले, गादी अमरसिंहाकडे गेली, आणि या मुलाची वाड्यात आबाळ सुरू झाली. श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री त्यांचा पालक होता. अखेर १७९३ साली जिवाला धोका आहे म्हणून सरफोजींना तुळजाजींच्या विधवा राण्यांसह मद्रासेस हलवावे लागले. कोवळ्या वयात घर सोडून परक्यांच्या आसऱ्याने वाट चालणे म्हणजे काय, हे या राजाला ठाऊक होते. पत्रातील पोरक्या मुलांच्या तेल-न्हाण्याचा त्याच्याशी संबंध जोडणे हा तर्क झाला. पण तो मनात आल्यावाचून राहत नाही.

मुलांना जेवू घातले म्हणजे झाले, असे सरफोजींना वाटत नसावे. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र पाहिले म्हणजे ते पटते. त्या इमारतीचा एक भाग दगडी रथासारखा घडविला आहे. त्याला चाके आहेत आणि तो ओढणारे घोडे व हत्ती आहेत. दिवसभर चालून किरकिरलेले मूल त्या हत्तींपुढे उभे राहिले म्हणजे त्याच्या आईला क्षणभर उसंत मिळत असेल. छत्राला जोडून शाळाही होती. पुढे समुद्रकाठी साळुवनायकनपट्टणम् येथे सरफोजींनी १८१४-१५ च्या सुमारास षट्कोनी मनोरा उभारला. तो नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ, इंग्रजांना खूश करण्यासाठी. राजकारण म्हणून ही गोष्ट फारशी अभिमानाची नाही. परंतु सपाट किनाऱ्यावर एकावर एक चढत गेलेले ते मजले पाहून वाटसरूंची मुले कोणाचा पराभव झाला हे खचितच विचारीत नसतील.

मुलांसाठी पुस्तकेही निघाली. तंजावरच्या वाड्यात सरफोजींनी देवनागरी छापखाना घातला आणि त्यातून १८०६ साली 'बालबोध मुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापून बाहेर पडले. महाराष्ट्रात अद्याप छापील मराठी बालपुस्तकाचा पत्ता नव्हता, तेव्हा कावेरीकाठच्या मराठी मुलांच्या हाती कोल्ह्या-करकोच्याचा हा संग्रह होता. 'देवेंद्र कुरवंजी' या सरफोजींच्या मराठी नाट्यरचनेत तर भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी कुरवंजी पृथ्वीचा भूगोल वर्णन करते. फिरस्त्या बाईच्या तोंडी भूगोल घालण्याची ही कल्पना मोठी मार्मिक आहे. जग पाहिलेले असते ते तिनेच.

सरफोजी स्वतः यात्रेस निघाले ते १८२० साली, काशीला. परतण्यास १८२२ उजाडले. बरोबर सुमारे तीन हजार माणसांचा तळ होता, असे सांगतात. या यात्रेवर मराठी लावण्याही रचल्या गेल्या. आपल्या राज्यात वाटसरूसाठी जे जागोजाग उभे केले होते, ते सारे बाहेरच्या मुलखात राजाला स्वतःबरोबर वाहून न्यावे लागले. इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा हा तीन हजारांचा आकडा छत्रांची किंमत अधिक चांगली सांगतो. ज्या रस्त्यावर व्यवस्था नाही, त्या रस्त्यावर राजाच सकुटुंब जाऊ शकतो.

आणि व्यवस्था असली तरी आईचे मन तिच्यावर विसंबतेच असे नाही. मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर तंजावरास आले. सरफोजींच्या विद्वत्तेने ते फार प्रभावित झाले. राजपुत्र शिवाजी तेव्हा सतरा वर्षांच्या आसपास होता; फिकट आणि प्रकृतीने नाजूक. मुलाला तंजावरात चांगले शिक्षण मिळत नाही, ही राजाची खंत हीबरनी ऐकली आणि त्याला आपल्याबरोबर प्रवासास न्यावे असे सुचविले. बाप राजी झाला. आईने नकार दिला. दोन मुलगे आधीच गेलेले. हा एक उरला, तोही अशक्त. तो गेला तर जिवंत परत येणार नाही, असे तिचे म्हणणे होते. घरातील सर्वांनी तिचीच बाजू घेतली आणि बेत रहित झाला. जिच्या घराण्याने इतरांच्या मुलांसाठी वाटेवर दूध ठेवले होते, तिने आपले मूल वाटेवर धाडले नाही. पुढे काय झाले तेही प्रसिद्ध आहे. हीबर तंजावरहून तिरुच्चिरापळ्ळीस गेले, आणि ३ एप्रिल १८२६ रोजी तेथील स्नानकुंडात त्यांना मृत्यू आला. तंजावर सोडून थोडेच दिवस झाले होते. राणीसाहेबांची भीती किती साधार होती, याची चर्चा त्यानंतर वाड्यात कोणी केली असेल असे वाटत नाही.

तो अशक्त मुलगा पुढे १८३२ मध्ये गादीवर बसला आणि २९ ऑक्टोबर १८५५ रोजी औरस पुत्रावाचून वारला. कंपनीने राज्य खालसा केले. छत्रे आणि त्यांची गावे सरकारच्या हाती गेली, आणि १८७१ च्या स्थानिक निधी कायद्यानंतर ती स्थानिक मंडळांच्या कारभारात आली. त्याआधीच, १८६१-६२ मध्ये, नागपट्टणहून तंजावरवरून तिरुच्चिरापळ्ळीपर्यंत आगगाडी धावू लागली होती. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि गाडी थेट रामेश्वर बेटावर गेली. पंधरवड्याची वाट दिवसावर आली. मध्यरात्रीच्या घंटेची गरज उरली नाही. निधी मात्र उरला, आणि तो कशासाठी वापरावा हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे एक उत्तर तिरुवैयारूतच मिळाले. तेथील संस्कृत महाविद्यालय छत्रांच्या निधीवर चाले. ओरत्तनाडु आणि राजामठम् येथील छत्रांत विद्यार्थ्यांची वसतिगृहे झाली. छत्रातील पंतोजी आणि पोरकी मुले यांचाच हा पुढचा अवतार म्हणावयाचा. पण मूळ पत्रातील ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत हे शब्द वाटेत कोठे तरी गळाले होते. दारे ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच उघडी राहत. १९२० नंतरच्या दशकात ए. टी. पन्नीरसेल्वम हे जस्टिस पक्षाचे पुढारी तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या प्रयत्नाने ही वसतिगृहे इतर जातींच्या मुलांना खुली झाली. तिरुवैयारूच्या महाविद्यालयात संस्कृताच्या जोडीला तमिळ आले. त्या वेळी यावरून बरेच वाजले. तंजावरच्या मराठी मंडळींतही काहींना हा परंपरेवरचा घाला वाटला असल्यास नवल नाही. पण १८०१ चे पत्र समोर ठेवले, तर परंपरा कोणी मोडली होती आणि कोणी जोडली, याचा निवाडा अवघड नाही.

तिरुवैयारूत आज परगावचे लोक येतात ते मुख्यतः त्यागराजांसाठी. पौष वद्य पंचमीच्या आराधनेस कावेरीकाठी शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात, त्याची कीर्ती सर्वत्र आहे. लहान मुलांना तेवढा वेळ मांडी घालून बसविणे कठीण. त्यांना गाव आवडते ते दुसऱ्याच कारणांनी. पंचनदीश्वराच्या मोठ्या देवळात प्राकाराच्या एका ठराविक जागी उभे राहून 'ऐयारप्पा' अशी हाक मारली की ती पुनःपुन्हा उमटत परत येते. तेथून मुलांना ओढून न्यावे लागते. बाजारात मुगाच्या डाळीचा, तुपाने निथळणारा 'अशोका' हलवा केळीच्या पानावर गरम मिळतो. चैत्राच्या सुमारास सप्तस्थानाचा उत्सव होतो. त्यात तिरुवैयारूच्या देवाची पालखी भोवतालच्या सहा गावांतून फिरते, त्या त्या गावचे देव तिच्याबरोबर निघतात, आणि परत आल्यावर तिरुवैयारूत एक यांत्रिक बाहुली पालख्यांवर फुले उधळते. सात गावे पायी हिंडून थकलेली मुलेही त्या बाहुलीसाठी जागी राहतात.

आणि आडि महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे ऑगस्टचा प्रारंभ. कावेरीला नवे पाणी आलेले असते. घरोघरच्या बायका लिंबाचा, चिंचेचा, दह्याचा, नारळाचा असे नाना तऱ्हेचे भात डब्यांत भरून मुलाबाळांसह पुष्यमंडपाच्या घाटावर उतरतात. मराठी राजवटीपासूनचा हा घाट. नदीची ओटी भरतात, गळ्यात पिवळे दोरे बांधतात, आणि मग काठावर बसूनच भात खातात. मुलांच्या हाती लाकडाचे किंवा कागदाचे छोटे रथ असतात, त्यांना 'चप्परम्' म्हणतात. दोरी धरून ती हे रथ घाटाच्या रस्त्यावरून ओढीत नेतात. कोणाचे चाक निखळते, कोणी रडतो, कोणाचा बाप तेथेच बसून ते दोऱ्याने बांधून देतो, आणि रथ पुन्हा चालू लागतो.